बंद पॅनेलखालची तेरा कलमं

“सारेच्या सारे एकाच बाजूले काहून झुकून राहिले रे बाप्पा?”

बाबा कलमांशी बोलत होते. मी किलकिल्या दाराबाहेर मल्टिमीटर घेऊन उभी होते. तसं पाहिलं तर नर्सरीवाल्या माणसाला यात नवल काही नाही. रोप उजेडाकडे झुकतं, मग पिशवी अर्धा वळसा फिरवून ठेवायची, एवढंच. बाबा बोटांनी शेंडे चाचपत एकेक पिशवी फिरवत होते. पण त्या खोलीला खिडकी नाही. दार मागच्या बाजूला, तेही बंदच असायचं. आणि ज्या एलईडी पॅनेलकडे ती तेरा कलमं झुकली होती, ते मी बनवल्यापासून एकदाही लागलं नव्हतं…

आधी एक सांगते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मग इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. वाचकांच्या अशा अनुभवांचा हा कॉलम वाचायचे ते हसण्यासाठी. मला फारसं बोलता येत नाही, म्हणून लिहून पाठवतेय. मराठी चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव चांदूर बाजारपासून जवळच. संत्र्याची नर्सरी आजोबांपासूनची. घरामागे त्यांनी लावलेलं एक झाड होतं — पातळ सालीचं, कमी बियांचं. त्याच झाडाची कलमं हवीत म्हणून पार बाळापूरकडून लोक यायचे. पाऊस न झाल्याचं ते सलग तिसरं वर्ष. विहीर आटली, नर्सरी गेली आणि शेवटी ते झाडही शेंड्याकडून वाळायला लागलं.

त्याआधीच काचबिंदूनं बाबांची नजर पूर्ण गेली होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी आता काही होणार नाही असं सांगितलं, त्यानंतर बाबांनी बोलणं आणि जेवण दोन्ही जवळजवळ सोडलं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. पण झाड वाळतंय हे कळल्यावर ते उठले. उरलेल्या हिरव्या फांदीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, सालीसकट काढून त्यांनी जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपांवर चाचपून चाचपून बांधले. चाळीसातले तेरा जगले. त्या झाडाचं जगात एवढंच उरलं होतं. आणि बाबांना सकाळी उठायला कारणही तेवढंच उरलं होतं.

बाहेर ऊन असं की पान करपायचं. खत ठेवायची खोली गार होती, कलमं तिथे नेली. उजेड मी देणार होते.

व्हिडिओ बघून पॅनेल बनवलं. जुन्या दाराची अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर एकापुढे एक जोडलेल्या लाल-निळ्या चिप्स, एक ड्रायव्हर, आणि पट्टी गार ठेवायला वेगळ्या अडॅप्टरवर जुन्या कॉम्प्युटरचा पंखा. ते एका भिंतीच्या कडेला वरून टांगलं. बटण दाबलं. पंखा घरघरला. चिप्स काळ्याच.

दारात उभ्या बाबांनी पंखा ऐकला. “लागला काय?”

किती महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं होतं. मी म्हणाले, “हो.”

वाटलं, तासाभरात दुरुस्त करू, कुणाला कळणारही नाही. प्लग तपासला, फ्यूज तपासला, सगळे सांधे सोल्डरनं पुन्हा डागले. ड्रायव्हरमधून व्होल्टेज पूर्ण येत होतं. मीटरप्रमाणे सगळं बरोबर होतं… आणि लाइट नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रिकाम्या क्रेटवर बसले आणि त्यांनी पॅनेलखाली तळहात धरला. मला वाटलं, संपलं. पण ते म्हणाले, “कार्तिकातल्यावानी ऊन आहे, माय. गोड.”

ते गेल्यावर मीही हात धरून पाहिला. पंख्याचा वारा लागला, बाकी काही नाही.

मग बाबा रोज तिथे बसायला लागले. दुसरी भाकरी मागायला लागले. एकदा म्हणाले, “तुह्या इंग्रजीले इतक्या दिवसांत पयल्यांदा फळ आलं.” मी हसले. ते हसणं त्यांना दिसत नव्हतं हे बरंच होतं. आणि पाचव्या दिवशी मी दाराबाहेरून ते झुकण्याचं ऐकलं. पिशव्या फिरवल्या तरी दुसऱ्या सकाळी शेंडे पुन्हा पॅनेलकडेच.

तुम्ही म्हणाल, चाललंय तर चालू द्यायचं. पण मला ते झेपत नव्हतं. माझं खोटं पकडलं जायच्या आत मला ते खरं करायचं होतं.

गावात विचारायची लाज वाटायची. शेवटी चांदूर बाजारला इक्बालचाचांकडे गेले, ते पंपांच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरतात. दुकानातली माणसं जाईपर्यंत बाजूला उभी राहिले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मीटर तर सच बोलते बेटा, माणूसच अर्धं ऐकते. एकेक चिप अलग तपास.”

नवव्या सकाळी एकेक चिप तपासली. सातवी उलटी बसली होती. जोडण्याआधी प्रत्येक चिपच्या प्लस बाजूला मी मार्करचा ठिपका दिला होता. पण कलमाजवळ जाणारी प्रत्येक वस्तू स्पिरिटनं पुसायची ही बाबांची जन्माची सवय. चाकू, कात्री, स्वतःची बोटं… आणि जोडायला काढून ठेवलेल्या माझ्या चिप्सही. सातवीचा ठिपका पसरून दुसऱ्या टोकाला गेला होता. त्यावर विश्वास ठेवून मी ती डागली, आणि एक उलटी बसली की सगळ्या साखळीचा करंटच बंद.

ती काढून सुलटी लावली. बटण दाबलं. खोली जांभळ्या-गुलाबी उजेडानं भरली. टॉर्च लावून कडेचं एकेक कलम मी आधी पाहिलं होतं, पण तेरा एकत्र आत्ताच नीट दिसली. अंधारात वाढलेलं रोप पांढरट आणि लांबुळकं होतं, एवढं मलाही माहीत आहे. बाहेरच्या उजेडात खात्री करावी म्हणून एक पिशवी दारापर्यंत आणली. पालवी पोपटी होती. निरोगी. तेराही.

मी खूश होते, खरंच. चहा केला, बाबांना दिला. चहा संपवून ते नेहमीसारखे क्रेटवर येऊन बसले आणि हात पुढे धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग जवळच्या शेंड्याला बोट लावलं, तर पान देठासकट त्यांच्या बोटावर आलं. दुसऱ्याला लावलं, तेही आलं.

चार दिवसांत तेरा काड्या उरल्या. मी नंतर नेटवर खूप शोधलं. अचानक तीव्र उजेडाचा धक्का बसतो म्हणे. बसत असेल. पण मग त्याआधी नऊ दिवस ती हिरवी कशावर राहिली? काळ्या पट्टीकडे का झुकली? बाबांच्या हाताला काय लागत होतं? ते मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि तेही त्या खोलीत पुन्हा गेले नाहीत. जेवण पुन्हा अर्ध्या भाकरीवर आलं आहे. पॅनेल अजून टांगलेलं आहे. बटण दाबलं की लगेच लागतं.

मला कुणी उत्तर सांगू शकेल असं वाटत नाही. त्या सकाळचं शेवटचं तेवढं सांगते. बाबांच्या तळहातावर ती दोन पानं होती, त्यांचा चेहरा त्या जांभळ्या उजेडात उजळून निघाला होता, आणि ते माझ्या दिशेनं मान वळवून म्हणाले, “बंद काहून केला, माय?”

मी त्यांच्या तळहातावरची पानं उचलून घेतली. मग म्हणाले, “बाबा, लाइट तर आत्ताच लागला.”