नाकोबांची कॉफी

कॉफी भाजण्याच्या कारखान्यात सगळे त्यांना नाकोबा म्हणत, आणि हे नाव त्यांनी सव्वीस वर्षं मिरवलं. यंत्राचा काटा काहीही दाखवो, भट्टीतल्या बिया कधी बाहेर काढायच्या ते नाकोबा नुसत्या वासावर सांगत. मधे कुणी तोंड घातलं की त्याची काही धडगत नसे.

चार महिन्यांपूर्वी ते तापानं आठवडाभर पडले. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. कारखान्यात ते आता घड्याळाकडे चोरून बघत, बियांचा तडतडाट ऐकत आणि उगाच नाक पुढं करून "काढा आता!" म्हणत.

घरची सकाळची कॉफीही तेच करत. खालच्या भांड्यात पाणी, मधल्या चाळणीत पूड, वरचं भांडं घट्ट फिरवून मंद आचेवर; वाफेच्या जोरानं कॉफी वरच्या भांड्यात चढे. चव लागेना म्हणून हल्ली ते पूड ठासून भरत.

"अहो, कॉफी आहे की काढा?" बायको म्हणायची आणि मुकाट्यानं प्यायची.

त्या दिवशी ते पाणीच घालायला विसरले आणि गॅससमोर उभे राहून कॉफी वर यायची वाट बघू लागले. बायको आतून धावत आली.

"अहो, भांड्याचं रबर जळतंय! घरभर वास सुटलाय, आणि तुम्ही इथंच उभे?"

तिनं गॅस बंद केला, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते समजली.

"कधीपासून?"

"तापापासून."

"आधी मालकांना फोन करा. नाहीतर मी करते."

मालक वयानं लहान, नाकोबांच्याच हाताखाली शिकलेला. त्याला हे सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. तरी त्यांनी फोन लावला.

"मला वास येत नाही रे. चार महिने झाले."



"माहीत आहे, काका. तुम्ही घरी गेलात की तुमचा माल आम्ही पुन्हा तपासतो. बराचसा टाकून द्यावा लागतो."

"मग मला बोलला का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो."

बायकोनं त्यांच्या हातातून फोन घेतला आणि आज ते कामावर येणार नाहीत, एवढंच सांगितलं.