उघड्या कानाचा आलेख

ऑफिसात तिला सगळे कानसेन म्हणत. नाव थट्टेचं, पण खोटं नव्हतं. सभागृहात आवाज कुठे घुमतो, कुठे किंचाळतो, हे ती दारातूनच सांगायची आणि मग एका ओळीत इलाज लिहायची. आवाजासाठीच्या तिच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत कामच तेवढं: आवाज घडवणारा एक फिल्टर, जोडायला दोन टिंबं, दुसरा फिल्टर. पहिल्यातून निघालेला आवाज दुसऱ्यात शिरतो, दुसऱ्यातला तिसऱ्यात. ऑफिसचा नियम एकच होता, की चालतंय त्याला हात लावायचा नाही. नवं काही हवं तर शेवटी जोडायचं.

तिच्या बाबांनी बॉयलरच्या कारखान्यात तीस वर्षं रिवेट ठोकले आणि त्यात कान गमावले. बाजारातलं कुठलंच यंत्र त्यांना मानवेना, तेव्हा लेकीनेच कंबर कसली. खिशात मावेल एवढी डबी आणि हेडफोन. कान तपासणाऱ्या बाईंच्या आलेखात जे आवाज जेवढे कमी, तेवढे वाढवणारा फिल्टर तिने लिहिला. डबी चालू केली आणि बाबा उठून न्हाणीघरातला नळ घट्ट बंद करून आले. तो ठिबकतो हे त्यांना किती वर्षांनी कळलं होतं. लेकीला आभाळ ठेंगणं झालं.

पुढच्या वर्षी नवा आलेख आला. तिने नवा फिल्टर लिहून जुन्यामागे जोडला. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा.

चौथ्या तपासणीत आलेखाची रेघ तळाला गेली होती. नुसत्या वयाने एवढ्या झपाट्याने जात नाही, बाई म्हणाल्या. तुमची डबी आवाज किती मोठा करते? तिने घरी येऊन मोजलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. तपासणी नेहमी उघड्या कानाची, डबी न लावता. प्रत्येक आलेखात जुनी घट धरलेलीच होती, आणि हिने जुना फिल्टर न काढता सगळी घट दर वर्षी नव्याने भरून दिली होती. साखळीत वाढीवर वाढ चढते, हे ती नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवायची. शहाण्यांच्या चुका अशाच असतात, घडेपर्यंत कुणी तपासत नाही. उरलासुरला कान कारखान्याने नाही, तिने घेतला होता.

तिने कागदावर लिहिलं, की चूक माझी आहे, आवाज फार मोठा होता, तुम्ही सांगितलं का नाही?

बाबांनी चष्मा लावून वाचलं. स्वतःचं बोलणं ऐकू येत नसल्याने ते ओरडूनच बोलले.

"अगं, डोकं ठणकायचं. पण तू एवढी खपलीस, तुला कसं सांगणार? तू बाहेर गेलीस की काढून ठेवायचो. तेवढाच आराम."

स्वयंपाकघरात आईने गॅस बंद केला. बाबांना सोबत व्हावी म्हणून लेकीने वर्षापूर्वी साहेबांच्या मागे लागून घरून काम मागून घेतलं होतं. तेव्हापासून ती फारशी घराबाहेर पडलीच नव्हती.