आधी रेघ, मग बोट

लॅबमधले किस्से गोळा करावे लागत नाहीत. जंतू वाढवायच्या प्लेटचं झाकण जरा उघडं राहिलं की दोन दिवसांत तिच्यात काहीतरी उगवतंच, तसंच यांचं! परळच्या आमच्या लॅबमध्ये माणसाच्या त्वचेवर राहणाऱ्या जंतूंच्या एका घराण्याचा अभ्यास चालतो. त्यातले मुख्य स्टॅफिलोकोकस. स्कॉटलंडमध्ये शिकून मी परत आले ती यांच्याचसाठी. गिरणगावच्या दमट हवेत, घामात हे कसे नांदत असतील, याची स्वप्नं मी तिकडच्या बर्फात बघायचे.

*

पहिल्याच दिवशी मायक्रोस्कोपला डोळा लावला. जांभळे गोल दाणे, घोसाघोसाने. हलणं नाही, पळणं नाही, नुसते एकमेकांना बिलगून बसलेले. मी हरवूनच गेले.

"द्राक्षांचा मळा आहे रे!"

शेजारचा सावंत म्हणाला, "तोडणी झाली असेल तर सरक. मागे लाइन लागलीय!"

*

या घराण्याला मीठ सोसतं. खारट प्लेटवर बाकीचे बरेच जंतू मान टाकतात, हे मजेत वाढतात. घरी जेवताना मी हे अगदी रंगवून सांगत होते. आई सुका बांगडा भाजत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, "मगे ते आमच्या मालवणातलेच!"

*

घराण्यात दोन भाऊ ठळक. एक सोनेरी, रक्तातला द्रव गोठवतो, संधी मिळाली की जखमेत शिरतो. दुसरा पांढरा. तो जवळजवळ प्रत्येकाच्या अंगावर असतो आणि सहसा कुणाच्या वाटेला जात नाही.

सावंत म्हणाला, "प्रत्येक खानदानात एक असतोच. अंगावर सोनं आणि रोज राडा!"

आमच्या लॅबच्या प्रमुख, मॅडम, हसल्या. "आणि घर पांढराच सांभाळतो."

*

मॅडमचा एकच नियम. एका प्लेटवर दोन माणसांच्या बोटांचे ठसे घ्यायचे तर मधोमध मार्करने रेघ मारायची. "आधी रेघ, मग बोट. नाहीतर कोण कुणाचं, देवालाही कळणार नाही!"

*

नमुने मिळणार होते डिलाईल रोडच्या एका चाळीतून. कापसाची कांडी दंडावर फिरवायची, बस्स. पण पहिल्याच दारात एक काकू कडाडल्या, "आम्ही दोन वेळा आंघोळ करतो हां!"

"काकू, हे जंतू म्हणजे आपले रखवालदार..."

"मग तुझ्या घरी ठेव!"

सगळी चाळ जाधवकाकांकडे बघत होती. गिरणीतून रिटायर झालेले, चाळीतल्या बुद्धविहाराचं सगळं बघणारे. ते हो म्हणाले असते तर सगळे हो म्हणाले असते. त्यांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या अंगाला काय लागलंय, ते लोकांनी पिढ्यान्पिढ्या सांगितलंय, पोरी. आता तू कांडी फिरवून सांगणार?"

मी कांड्या पिशवीत भरल्या आणि लॅबमध्ये परत आले. मॅडम म्हणाल्या, "चाळ नाही म्हणाली तर प्रोजेक्ट बंद." स्कॉटलंडहून तर मेल आलेलीच होती, जागा अजून रिकामी आहे म्हणून. ती मी रोज उघडायचे आणि मिटायचे.

*

आणि एका दुपारी जाधवकाका स्वतःच लॅबच्या दारात उभे! पांढरा शर्ट, कडक इस्त्री.

"आधी तुझं दाखव," म्हणाले.

मी नवी प्लेट उघडली आणि मधोमध बोट टेकवलं. मग रेघ मारायला मार्कर शोधू लागले. तो सावंतच्या कानावर खोचलेला होता. मी वळून बघते तो काकांनी बरोब्बर माझ्या ठशावर आपलं बोट ठेवलेलं!

"काका, रेघ राहिली!"

"राहू दे."

दोन दिवसांनी ते परत आले. उबेच्या कपाटातून मी प्लेट काढली. पांढरे ठिपके, मधूनच पिवळे, आभाळातल्या चांदण्यांसारखे दाटीवाटीने उगवलेले. काकांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ.

"यातलं माझं कुठलं?"

"सांगता येत नाही, काका."

"आणि तुझं?"

"तेही नाही."

काकांनी प्लेट हळूच खाली ठेवली आणि शर्टाची बाही दुमडायला घेतली.