काकूची बाटली आणि कापसाचा काटा

शिरड शहापूरच्या शिवारात, ओढ्यापलीकडं आमचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर-गोठा होता. पावसाळ्यात ओढा भरला की आम्ही कोंडले जायचो. डॉक्टर इकडं येणार नाही, लेकरू तिकडं जाणार नाही. मग पोट दुखो, कान दुखो की दात येवोत, आजीकडं एकच इलाज होता, बिबा. सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि सुटलेलं तेल लेकराच्या बेंबीभोवती टेकवायचं. माझ्या पोटावर ते डाग अजून आहेत. डाग देताना माझे हात धरायला आजीनं घरात नुकत्याच आलेल्या धाकट्या सुनेला बसवलं होतं. ती माझी काकू.

पुढच्याच बाजाराला काकूनं लेकरांच्या ताप-दुखण्याच्या गोड औषधाची बाटली आणली. औषध वजनावर द्यायचं, अंदाजानं नाही, असं डॉक्टरनं तिला बजावलं होतं. आता आखाड्यावर वजन व्हायचं ते फक्त वेचलेल्या कापसाचं. काकूनं त्याच काट्याच्या आकड्याला जुन्या लुगड्याची झोळी अडकवली आणि मला तीत बसवलं. काका हसले, ‘‘कापसाबराबर लेकरं बी इकायची का यंदा?’’ आजी मात्र भडकली. तोललेल्या लेकराला नजर लागते, त्याची वाढ खुंटते, असं ती दिवसभर सुनावत राहिली. काकूनं खाली मान घालून सगळं ऐकलं, वजन पक्कं ध्यानात ठेवलं आणि डॉक्टरकडून मापाच्या टोपणावर खूण करून आणली. लेकरू वाढलं की पुन्हा झोळी आणि पुन्हा डॉक्टर.

औषध गोड, म्हणून आमचा सगळ्यांचा डोळा बाटलीवर. ‘‘शरबत न्हाई ते,’’ म्हणत ती बाटली पत्र्याच्या पेटीत ठेवायची आणि किल्ली कमरेला खोचायची. डॉक्टरकडं जाताच येतं, मग घरात काहून ठेवायचं, असं कुणी विचारलं की म्हणायची, ‘‘दुखणं ओढा पाहून येत न्हाई.’’

पण त्या किल्लीनं तिलाच बांधून टाकलं. तिचं माहेर नरसीला, म्हणजे फार लांब नाही. दर पंचमीला भाऊ न्यायला यायचा. काकू त्याला जेवू घालायची, चार गोष्टी बोलायची आणि तसाच माघारी लावायची. माझी आई आजीपुढं तोंड उघडत नसे. ‘‘मी गेले अन् ओढा भरला, तर वैनी लेकरू बिब्याला पुढं करतील,’’ ती भावाला सांगायची. आजीनं तिला कधी अडवलं नाही. रस्ता होता, एसटी होती, पण काकूचा पाय निघत नव्हता.

एका भादव्यात माझ्या धाकट्या भावाचा कान ठणकू लागला. ओढा दुथडी भरलेला. काकू गोठ्यातून आत आली तेव्हा चिमणी पेटली होती आणि बिबा सुईला लागला होता. भावाला मांडीवर घेऊन आई रडत होती. आजी काकूला म्हणाली, ‘‘हात धर याचे.’’

‘‘आत्याबाई, पोरीचे हात मी धरले. पोराचे न्हाई धरायची.’’

एवढंच बोलून तिनं भावाला उचललं, काट्यावर तोललं आणि खुणेइतकं औषध पाजलं. ती आजीपुढं पहिल्यांदाच बोलली होती. हळूहळू भावाचं रडणं थांबलं. ‘‘ह्यानं दुखणं दबलं, रोग न्हाई गेला,’’ काकू बाबांना म्हणाली. पाणी उतरताच त्यांनी त्याला डॉक्टरकडं नेलं. आजीनं बिबा कधी उचलून ठेवला ते कुणी पाहिलं नाही. पुढं गुडघे धरल्यावर मात्र तीच झोळीपाशी येऊन म्हणाली, ‘‘मला बी तोल की.’’ काकू म्हणाली, ‘‘हे लेकरायचं हाय, आत्याबाई. तुमचं निराळं आणू.’’

हिंगोलीच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. त्या पंचमीला काकूनं किल्ली माझ्या हातावर ठेवली, बाटलीवरची मुदत माझ्याकडून वाचून घेतली आणि भावाबरोबर नरसीला गेली. ओढ्यापाशी तिनं एकदा मागं वळून पाहिलं. मी किल्ली वर करून दाखवली.

काकू आता नाही. काटा अजून आहे. आमच्या आखाड्यावर माझ्यानंतर जन्मलेल्या एकाही लेकराच्या पोटावर डाग नाही.