बेल्जियमला उतरायला नको होतं

आमच्या ह्यांनी तीस वर्षं लोकांचे व्हिसे काढले. अबू धाबीजवळच्या मुसाफ्फातल्या एका कंपनीत ते पीआरओ होते, इथे त्याला मंदूब म्हणतात. कंपनीतल्या माणसांचे पासपोर्ट पिशवीत घालून सकाळी सातला निघायचं आणि या काउंटरवरून त्या काउंटरवर फिरून शिक्के मारून आणायचे, हे त्यांचं काम. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घरी सुट्टीच्या दिवशीसुद्धा कुणी ना कुणी फॉर्म घेऊन बसलेलं असायचं. हे चष्मा कपाळावर ढकलून सगळ्यांना एकच सांगायचे, व्हिसा मागताना हात आखडता ठेवा. जेवढं हवं तेवढंच मागा. जास्त मागितलं की काउंटरमागच्या माणसाला संशय येतो आणि मग तो काहीच देत नाही.

मुलगी मात्र त्यांना न विचारता लांब गेली. शिकायला कोपनहेगनला गेली, तिथेच नोकरी धरली आणि एके दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. कोर्टाच्या पायऱ्यांवर ती आणि तिचा उंच, भुरक्या केसांचा नवरा. मुलगा परका म्हणून हे चिडले असं लोकांना वाटलं, पण तसं नव्हतं. साऱ्या जगाचे कागद आधी यांच्या हाताखालून जायचे, आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं यांना फोनवर कळलं, हे झोंबलं. त्या दिवशी हे तिला एवढंच म्हणाले की आता जे काय बोलायचं ते समोरासमोर, फोनवर खलास. ती त्यांचीच मुलगी. तिनेही पुन्हा विचारलं नाही. तीन वर्षं मी मधे टपाल खात्यासारखी राबले. मी तिच्याशी बोलायचे बाल्कनीत जाऊन, आणि मी आत आले की हे टीव्हीवर नजर ठेवून विचारायचे, जेवते ना नीट?

मग नात झाली. हिचे कान माझ्या आईसारखे आहेत, असं हे फोटो बघून स्वतःशीच पुटपुटले. मी तेव्हाच ओळखलं की बर्फ वितळलाय, पण विमानाचं तिकीट काढून मुलीच्या दारात उभं राहायला हे काही तयार होणार नव्हते. नाक कापल्यासारखं झालं असतं त्यांना. म्हणून मी क्रूझ शोधून काढली. ऑगस्टच्या अखेरीला, इंग्लंडातून निघून बेल्जियम, स्कॉटलंड, कोपनहेगन, नॉर्वे आणि परत इंग्लंड. कागद समोर ठेवला. त्यांनी कोपनहेगनवर बोट ठेवून विचारलं, हे वाटेतच आहे का? मी म्हटलं, वाटेतच आहे. मग भेटू, म्हणाले. वाटेत आहे म्हणून भेटायला त्यांची हरकत नव्हती.

फॉर्म अर्थातच त्यांनी भरले. इंग्लंडचा व्हिसा वेगळा, बाकी युरोपचा वेगळा. युरोपच्या फॉर्मवर विचारलेलं असतं, आत एकदा जाणार की अनेकदा. ह्यांनी लिहिलं, एकदा. आपण युरोपला एकदाच तर चाललोय, अनेकदा कशाला मागायचं? दोन्ही व्हिसे बिनबोभाट मिळाले. पासपोर्ट आले त्या दिवशी हे जाऊन नातीसाठी चांदीचे वाळे घेऊन आले, आणि मला म्हणाले, बघ, मोजकं मागितलं की मिळतं.

जहाजावर पहिल्याच दिवशी मला हसू आलं. इथे पंचेचाळीस डिग्रीत घामाघूम होणारा माणूस तिथे दोन स्वेटर आणि कानटोपी घालून डेकवर उभा. गुडघाही दुखत होता. बेल्जियमच्या बंदराला लागलो तेव्हा म्हणाले, मी काही उतरत नाही, आपल्याला काय बेल्जियम करायचंय? तू जाऊन ये. मी ऐकलं नाही. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना चॉकलेटं कबूल करून बसले होते. इथून कुणी कुठे गेलं की येताना बॅग चॉकलेटांनी भरलेली असावीच लागते, नाहीतर वर्षभर टोमणे ऐकावे लागतात. यल्ला यल्ला करत त्यांना मी ओढत खाली नेलं. पासपोर्टवर शिक्के बसले. दोन तास फिरलो, चार किलो चॉकलेटं घेतली, हे बाकावर बसून गुडघा चोळत राहिले.

मग स्कॉटलंड झालं. त्यानंतर एक दिवस नुसता समुद्र होता, आणि त्या दिवशी दुपारी दाराखालून एक पत्र आलं. ह्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मला काही सांगेनात. दोघं रिसेप्शनला गेलो. तिथली मुलगी मंगळुरूची होती. ती हिंदीत, अगदी हळू आवाजात बोलली. तुमचा व्हिसा एकदा आत जायचा आहे, तो तुम्ही बेल्जियमला वापरलात. स्कॉटलंड इंग्लंडच्या व्हिसात येतं, तिथे गेलात म्हणजे युरोपच्या व्हिसातून बाहेर पडलात. आता कोपनहेगनला उतरता येणार नाही, नॉर्वेलाही नाही. जहाजावर राहा, इंग्लंडला परत जाता येईल. हे म्हणाले, आम्ही तर जहाजातच होतो, सामानसुद्धा हललं नाही. ती म्हणाली, सर, बेल्जियमला तुम्ही उतरला नसतात तर तो व्हिसा कोपनहेगनला चालला असता.

हे एक शब्द बोलले असते, तुझी चॉकलेटं म्हणाले असते, तर मला सोपं गेलं असतं. मुलीला जहाजावर येऊ देता का, हेही मी विचारलं. बाहेरच्या माणसाला चढू देत नाहीत. केबिनमध्ये आल्यावर ह्यांनी मला बजावलं, तिला काय झालं ते सांगू नकोस. व्हिसाचा काहीतरी घोळ आहे म्हण, बास. तीस वर्षं हेच काम केलं मी, तिला काय वाटेल?

कोपनहेगनला ऊन होतं. सगळे प्रवासी टोप्या घालून रांगेने उतरत होते आणि आम्ही दोघं वरच्या डेकवर कठड्याला धरून उभे. कुंपणापलीकडे पिवळं जॅकेट दिसलं, शेजारी बाबागाडी. अंगठ्याएवढी दिसत होती माझी पोर. तिने दोन्ही हात हलवले. मी हलवले. ह्यांनी हात वर नेला आणि अर्ध्यावर थांबवला.

फोन वाजला. मी घोळाचं सांगितलं. ती म्हणाली, बट व्हिसा तर बाबांनी केला ना? मग म्हणाली, ओके, बाबांना दे. मी फोन पुढे केला. ह्यांनी मान हलवली आणि पाठ फिरवून आत निघून गेले. ते रडत होते. मी बघितलं, खांदे हलत होते, चांदीचे वाळे खिशातून काढून मुठीत आवळले होते. तिला खालून फक्त पाठ दिसली. ती नातीला उचलून दाखवत राहिली, मी हात हलवत राहिले, आणि मग नात रडायला लागली तशी ती निघून गेली. चार वाजता जहाज सुटलं. त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा म्हणाले की तिच्यासमोर रडू आलं असतं, आवाजच फुटला नसता. पुढच्या वर्षी विमानाने जाऊ, सरळ तिच्या घरी. इन्शाल्ला, मी म्हटलं. मराठी माणसाच्याही तोंडात बसतो हा शब्द इथे राहून.

पुढचं वर्ष त्यांनी बघितलं ते एवढंच, जानेवारीतले नऊ दिवस. सकाळी बूट घालायला खाली वाकले ते उठलेच नाहीत. मुलगी नातीला घेऊन आली. सगळं इथेच उरकलं. तिने सगळे कागद केले, सही कुठे, शिक्का कुठे, कुणाला न विचारता, अगदी बापासारखं.

चौथ्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. मी नातीसाठी मऊ भात कालवत होते. ती ओट्याला टेकून उभी होती. अचानक म्हणाली, "आई, एक विचारू? बाबांनी ते मुद्दाम केलं होतं ना?"

मला आधी कळलंच नाही. मग ती सांगत गेली. सबंध अबू धाबी ज्या माणसाकडे फॉर्म घेऊन येते, तो स्वतःच्या फॉर्मवर चुकेल कसा? त्यांना यायचंच नव्हतं. तू मागे लागलीस म्हणून निघाले, आणि उतरावं लागू नये अशी सोय करून ठेवली. वर उभे राहून पाठ फिरवली. इट्स ओके, म्हणाली. साडेचार महिने विचार करून करून तिने ते स्वतःशी मिटवून टाकलं होतं.

मी हातातला भात तसाच ठेवला आणि सगळं सांगितलं. मोजकं मागायची त्यांची खोड, ते पत्र, ती मंगळुरूची मुलगी. गुडघा दुखतोय म्हणत असताना चॉकलेटांसाठी मीच त्यांना खाली ओढलं, माझ्यामुळे झालं सगळं. ते रडत होते म्हणून पाठ फिरवली. खिशात तुझ्या लेकीचे वाळे होते.

ती ऐकून घेत होती. मग जवळ आली, मला मिठीत घेतलं. "आई," म्हणाली, "यू ऑलवेज कव्हर फॉर हिम."

आता तिला काय सांगणार? तिच्या शाळेच्या गॅदरिंगला हे आले नाहीत तेव्हा गाडी बंद पडली असं मीच सांगितलं होतं, हे तर घरात टीव्हीसमोर झोपले होते. तिचा वाढदिवस विसरले तेव्हा मीच भेट आणून त्यांच्या नावाने दिली. भेटीच्या कागदावरचं अक्षर माझं आहे हे तिने नवव्या वर्षीच ओळखलं असणार.

मी तिला पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि हो म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली.