धाऊ मेंगाळचा उजवा कान

टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यापासून आत डोंगराकडे एक वाडी आहे. धाऊ मेंगाळ त्या वाडीतला. लहानपणी गोवर निघाला, ताप डोक्यात गेला आणि त्याची नजर गेली ती कायमची. मोठी बहीण हौसा त्याला कडेवर घेऊन रानात जायची. तो कडेवर मावेनासा झाला तेव्हा गावातल्या गुरुजींनी त्याला शहरातल्या अंधशाळेत नेऊन घातलं. तिथे तो ब्रेल शिकला, खुर्च्या विणायला शिकला, आणि तिथेच त्याला क्रिकेटचा नाद लागला.

अंधांच्या क्रिकेटात चेंडू प्लास्टिकचा असतो आणि त्याच्या पोटात छर्रे असतात. गोलंदाज खालून हात फिरवतो, चेंडू जमिनीवरून खुळखुळत येतो, आणि त्या आवाजावर बॅट फिरवायची. गोलंदाज आधी विचारतो, "रेडी?" फलंदाज म्हणतो, "येस." मग "प्ले" म्हणून तो चेंडू सोडतो. संघात थोडंफार दिसणारे असतात आणि अजिबात न दिसणारेही असावेच लागतात. अजिबात न दिसणाऱ्याची प्रत्येक धाव दुप्पट धरतात. म्हणून चांगला, पूर्ण आंधळा फलंदाज म्हणजे संघाचं सोनं.

धाऊ तसा होता. गुडघा टेकून बॅट आडवी फिरवायचा, आणि चेंडू कुठे गेला हे बघणाऱ्यांच्या आधी त्याला कळायचं. सत्त्याण्णव साली तो भारताच्या संघातून परदेशात खेळून आला. टोकावड्याच्या नाक्यावर एसटीतून उतरला तर वाडीची सगळी माणसं वाजंत्री घेऊन उभी. लहानपणापासून ज्याला सगळे 'आंधळा धाऊ' म्हणत, त्याला त्या दिवसापासून पंचक्रोशी 'इंडियाचा धाऊ' म्हणू लागली.

तेव्हा तो वाशिंदला एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होता. बायको बाईजा आणि मुलगी अपेक्षा यांच्यासह चाळीतल्या एका खोलीत राहायचा. रविवारी शहापूरच्या मैदानावर अंधांचा संघ जमायचा. कप्तान कमळाकर शहापूरचाच, भातशेतीवाल्या घरातला. त्याला एका डोळ्याने धूसर दिसायचं. तो यष्टिरक्षण करायचा आणि धाऊचा जुना दोस्त होता.

दोन हजार एकच्या सुमारास धाऊच्या धावा आटू लागल्या. आधी कोणी मनावर घेतलं नाही. वय झालं, चाळिशी उलटली, असं होतंच, म्हणाले. धाऊ कधी वाऱ्याला दोष द्यायचा, कधी चेंडूला. "छर्रे कमी भरलेत रे यात, मुका चेंडू हाय," म्हणून तो कानाशी धरून हलवायचा. डाव्या कानाशी. उजव्या कानाशी धरून त्याने कधीच दाखवला नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

बाईजाच्या मात्र आलं. चहा घेऊन ती त्याच्या उजव्या अंगाला उभी राहून बोलली की हा गप्प बसायचा. एकदा तिने मुद्दाम त्या बाजूला पितळेची पळी खाली टाकली. धाऊ हलला नाही.

"कधीपास्नं?" तिने समोर बसून विचारलं.

"काय कधीपास्नं?"

"मला येडी समजू नका."

धाऊने उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "वरीस झाला. कोनाला बोलू नको गो."

कल्याणच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, की नस सुकत चालली आहे. उजवा कान गेल्यातच जमा, डावाही हळूहळू जाईल. मशीन लावलं तर आवाज मोठा होईल, पण तो कुठून आला ते कळेलच असं नाही. धाऊला नेमकं तेच हवं होतं. कुठून आला, ते.

त्याने कोणालाच सांगितलं नाही. पुढच्या हिवाळ्यात आणखी एक परदेश दौरा होता, तो त्याला करायचा होता. तेवढाच एक, मग बस, असं तो स्वतःला सांगायचा. फलंदाजीला उभं राहताना मान थोडी वळवून डावा कान गोलंदाजाकडे द्यायला शिकला. क्षेत्ररक्षणात कमळाकरकडून अशी जागा मागून घ्यायचा की उजवीकडे कोणी नसेल, नुसती सीमारेषा. कमळाकर द्यायचा. जुना खेळाडू, त्याची लहर, म्हणायचा.

याच सुमारास संघात अमोल आला. खर्डीच्या बाजूच्या एका पाड्यातला, विशीतला गडी, जन्मापासून पूर्ण आंधळा. बाप नव्हता, आई धोंडीबाई भातलावणीला मजुरीने जायची. अमोलचे कान म्हणजे धाऊच्या तरुणपणीचे कान. त्याला धाऊनेच तयार केलं. बॅट कशी धरायची, गुडघा कुठे टेकायचा, आणि सगळ्यात आधी हे, की चेंडूवर जाताना "माझा!" म्हणून ओरडायचं. "नायतर दोन आंधळे एकमेकांवर आपटतात, आनि चेंडू जातो लांब," धाऊ हसत सांगायचा. अमोल त्याला दादा म्हणायचा आणि मैदानातून रिक्षापर्यंत त्याचा हात धरून चालायचा.

दौऱ्याच्या निवडीसाठी शहापूरला सामना ठेवला. बाहेरून निवड करणारी माणसं आली होती. पूर्ण आंधळ्यांमधून इथल्या एकालाच घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं. धाऊने सकाळी बऱ्यापैकी धावा केल्या, अमोलने त्याहून थोड्या जास्त. दुपारी क्षेत्ररक्षणाच्या वेळी निवडीवाल्यांनी जागा बदलायला लावल्या. धाऊच्या उजव्या हाताला अमोल आला.

धाऊला तेव्हाच बोलता आलं असतं. तो बोलला नाही.

काही षटकं नीट गेली. मग एक चेंडू दोघांच्या मधून निघाला. धाऊला त्याची खुळखुळ पुसटशी लागली. तो "माझा!" म्हणून झेपावला आणि पुढच्या क्षणी त्याचा गुडघा कशावर तरी सणकून आदळला. हाड मोडल्याचा आवाज त्याला कानाने नाही, गुडघ्यातून कळला.

अमोलचा जबडा मोडला होता. दोन दात गवतात पडले होते. कमळाकर धावत आला. रक्त बघून घाबरला, आणि घाबरलेला माणूस चिडतो तसा चिडला. "अमोल, ओरडला का नायस रे? एवढा शिकवला ना तुला?"

अमोल तोंडावर हात दाबून म्हणाला, "ओरडलो... माझा म्हनलो..."

"धाऊ, तू ऐकलास?"

सगळे थांबले. धाऊ गवतात बसलेला होता, गुडघा धरून.

"मी तर काय ऐकला नाय," तो म्हणाला.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि त्यामुळे अमोल खोटा ठरला.

बाकीचे लांब होते, त्यांच्यापर्यंत धाऊचाच मोठा आवाज पोचला होता. पुढे कोणी काही विचारलं नाही. धाऊ मेंगाळला ऐकू आलं नाही म्हणजे आवाज निघालाच नव्हता. तशी त्याच्या कानांची ख्याती होती. निवडीवाले आपापसांत म्हणाले, पोरगा गुणी आहे पण अजून कच्चा आहे. आठवड्याने धाऊची निवड झाल्याचा फोन आला. तो त्यानेच, कारखान्यातल्या बोर्डावर, डाव्या कानाने घेतला.

अमोलचा जबडा तारांनी बांधला होता. कित्येक दिवस तो पेजेवर होता. धाऊ त्याला दवाखान्यात भेटायला गेला, उशाशी बसला, आणि बोलायचं ठरवून गेलेलं काहीच न बोलता परत आला. तारा काढल्यावर अमोल आणि धोंडीबाईच वाशिंदला त्याच्या खोलीवर आली. धोंडीबाईने पदराखालून वालाच्या शेंगांची पिशवी काढून बाईजाच्या हातात दिली.

"धाऊभाऊ, पोराची चूक झाली," ती म्हणाली. "तुमचा पाय मोडता तर? इंडियाचा मानूस तुमी. मनात ठेवू नका."

अमोल म्हणाला, "दादा, माझा आवाज बारीक हाय. मी सुधारतो." जबडा अजून नीट उघडत नव्हता, शब्द दातांत अडकत होते.

धाऊने चाचपून चटई पुढे सरकवली. "बसा, च्या घ्या," एवढंच म्हणाला. ती दोघं गेल्यावर बाईजाने शेंगांची पिशवी त्याच्या मांडीवर आणून ठेवली.

"यांचा काय करू? तुमीच सांगा."

"शिजव."

"माझ्याच्यानं नाय व्हनार," ती म्हणाली. "त्या बाईनं माझ्यासमोर हात जोडले. मी बघितले ते. तुमाला दिसले नायत, म्हनून सांगते." आणि ती बाहेर जाऊन ओट्यावर बसली. अपेक्षा दारात उभी राहून दोघांचं ऐकत होती. त्या दिवसापासून धाऊला जेवण जाईना. बाईजाने त्या शेंगा तशाच शेजारच्या घरी दिल्या.

शेवटी तो शहापूरला कमळाकरच्या घरी गेला. कमळाकर खळ्यावर भात वारवत होता. धाऊने सगळं सांगितलं. कान, डॉक्टर, तो चेंडू. कमळाकरने ते ऐकून घेतलं. मग हातातलं सूप खाली टाकलं.

"मला वाटत होता," तो म्हणाला. "तू मान वळवायला लागलास तेवाच वाटला होता. इचारला नाय मी. तू धाऊ होतास, कसा इचारनार?" मग म्हणाला, "आता असा कर. गुडघा दुखतो म्हन आनि दौऱ्याला नको म्हन. सत्कार करू, शाल देऊ, मोठ्या मानानं जाशील. पोराला काय सांगायचा नाय. झाला ते झाला."

धाऊला ते पटलंही. घरी येईपर्यंत तो सत्काराला काय बोलायचं ते मनात जुळवत होता. पण स्टेशनवरून चाळीकडे चालताना उजव्या बाजूने कोणी तरी हाक मारली असावी. त्याला ती लागली नाही. त्या माणसाने पुढे येऊन हात धरला आणि म्हणाला, "काय धाऊदादा, मोठे झाले, आता ओ पन देत नाय?" धाऊ त्याच्याकडे तोंड करून उभा राहिला. हा माणूस आता चार लोकांत सांगत सुटणार, की धाऊला गर्व चढला. अमोलबद्दल लोक काय बोलत असतील, हे त्याला तिथे कळलं.

रविवारी तो मैदानावर गेला. संघ चिंचेखाली बसला होता, अमोलही होता. धाऊ बसला नाही.

"अमोल ओरडला होता," तो उभ्यानेच म्हणाला. "माझा उजवा कान गेलाय. दोन वर्सं झाली. त्या बाजूला ढोल वाजवला तरी मला कळत नाय. मला म्हाईत होता, आनि मी गप बसलो. दौरा पायजे होता म्हनून. दौरा मी सोडलाय."

कमळाकर खाली बघत होता. अमोल उठला, काठी चाचपली आणि धाऊच्या डाव्या बाजूला आला.

"दादा, मी रोज माळावर जात होतो," तो म्हणाला. "जबडा सुटल्यापास्नं. तिथं उभा ऱ्हाऊन माझा, माझा वरडत होतो. आई म्हनायची, टाके उसवतील. पाड्यातली पोरं हसायची, याला येड लागला म्हनायची. मला वाटला माझाच आवाज खोटा."

"मारलास तरी चालंल," धाऊ म्हणाला.

"मारून काय व्हनार," अमोल म्हणाला, आणि काठी टेकत रस्त्याकडे निघून गेला. त्या दिवशी तो रिक्षापर्यंत एकटाच गेला.

दौऱ्यावर धाऊच्या जागी अमोलला घेतील, असं कमळाकरला वाटलं होतं. तसं झालं नाही. विदर्भातल्या एकाला घेतलं. अमोल पुढे राज्याच्या संघातून खेळला, चांगला खेळला, पण भारताची टोपी त्याला मिळाली नाही. ती त्या वर्षी मिळाली असती का, हे कोणीच सांगू शकत नाही. धाऊने मात्र ते कायम स्वतःच्या नावावर धरलं. शाल-नारळाचा सत्कार करायला वाडीची माणसं आली तेव्हा त्याने हात जोडून त्यांना परत पाठवलं.

डावा कान पाच-सहा वर्षांत गेला. कारखान्याने त्याला टेलिफोनवरून काढून पॅकिंगला बसवलं, आणि नंतर तो आपणच नोकरी सोडून वाडीत परतला. हौसाच्या भाताच्या खाचरात बांध चाचपत खुरपणी करायचा. त्याच्याशी बोलायचं तर तळहातावर बोटाने अक्षरं काढावी लागत; अक्षरांची वळणं तो अंधशाळेत लाकडी ठशांवरून शिकला होता. बाईजाला अक्षरं येत नव्हती. अपेक्षाने तिला त्यासाठी शिकवलं.

दोन हजार नऊ साली अपेक्षाचं लग्न वाडीतच झालं. धाऊने सांगितलं म्हणून अमोलच्या घरी निमंत्रण गेलं होतं. तो येईल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण आला, धोंडीबाईला घेऊन. मांडवात पंगतीला बसला, नवऱ्यामुलीला आहेर केला. जाताना धाऊजवळ आला, त्याचा हात हातात घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि काहीतरी बोलला. बोलताना त्याचा अंगठा धाऊच्या मनगटावर होता, पण तळहातावर त्याने काही काढलं नाही. मग तो गेला.

धाऊने बाईजाला चाचपून जवळ ओढलं. "काय म्हनाला?"

बाईजाने त्याचा तळहात उघडला आणि सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं, "जेवन चांगला झाला म्हनाला."

"आनि?"

तिने त्याची मूठ मिटवली; बोलणं संपलं, अशी ती त्यांची खूण होती. धाऊ मान हलवून म्हणाला, "बरा झाला. जेवला ना," आणि मांडवाच्या खांबाला टेकून बसून राहिला.