दयानंदाचा फोन पुढाऱ्यांना काय म्हणतो

दयानंद फुलवळे माझा शाळासोबती. कंधारच्या बसस्टँडसमोर माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तो कॉलेज सुटल्यापासून आप्पासाहेबांचा माणूस आहे. आप्पासाहेब आमच्या तालुक्याचे पुढारी. त्यांच्या सभेची सतरंजी, खुर्च्या, माइक, गाडीतलं डिझेल आणि हल्ली व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे मेसेज, हे सगळं दयानंदाकडे. आप्पांच्या गाडीतून तो उतरला की स्टँडवरचा हवालदार त्याच्याकडे बघून मान हलवतो. माझ्याकडे बघून आजवर कुणी मान हलवलेली नाही. हे मला खुपतं, खोटं कशाला बोलू.

दयानंदाला मात्र खुपत होता वीरेश पटणे. हा लातूरला शिकला, दोनेक वर्षांमागं परत आला आणि आप्पांना 'काका' म्हणू लागला. दाढी कोरलेली, सारखे व्हिडिओ काढणार, बोलणं गोड. आल्या आल्या त्याला गाडीत आप्पांच्या मागची सीट मिळाली आणि दयानंद सरकला पार शेवटी, हारांच्या पिशव्यांजवळ. "मागून आलं अन् तिखट झालं," असं तो माझ्या काउंटरवर कोपर टेकून रोज म्हणायचा. चहा माझा, जळफळाट त्याचा. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

यंदा नगरपरिषदेची निवडणूक लागली आणि त्याचा प्रभाग खुला सुटला. दयानंदाला तिकीट पाहिजे होतं. मागितलं नव्हतं त्यानं; आप्पांना न मागता कळेल, अशी त्याची समजूत. तरी नांदेडला जाऊन पांढऱ्या शर्टात, हात जोडलेला फोटो काढून आणला. मला दाखवला. फोटोत तो चांगला दिसत होता. तेही मला फारसं आवडलं नाही.

एका दुपारी त्यानं फोन काउंटरवर आपटला.

"हे बघ जरा. बिघडलाय. पुढाऱ्यांची बेअब्रू करून राहिलाय."

मी फोन हातात घेतला. 'आप्पासाहेब' लिहिलं. आपण एक शब्द लिहिला की पुढचा कोणता असेल ते फोन आपल्या मनानं सुचवतो, तसा त्यानं सुचवला: 'विसरले'. जिल्ह्याच्या ताईसाहेबांचं नाव लिहिलं, तर 'उशिरा'. भोकरकडच्या एका भाऊंचं लिहिलं, तर 'पडणार'. आणि 'वीरेश' लिहिल्याबरोबर, जणू वाटच बघत होता तसा, 'चमचा'.

मी पोट धरून हसलो. तो हसला नाही.

"हसू नको. उद्या घाईत बोट लागलं तर माझं काय ऱ्हाईल?"

"फोनला काही झालं न्हाई, दयानंद. तू सिंधुवहिनीला जे लिहितोस ना, ते ह्याच्या ध्यानात ऱ्हातंय. तेच पुढं करतो."

सभेतून घरी कधी येणार, का उशीर झाला, हे तो बायकोला लिहून कळवायचा. ताईसाहेब उशिरा येणार. आप्पासाहेब विसरले, पुढच्या वेळी बोलतो. वीरेश चमचा पुढं बसला. वर्षानुवर्षं हेच. एवढं आपण लिहिलं, हे बहुतेक त्यालाही ठाऊक नव्हतं.

"सगळं पुसून टाकू का?" मी विचारलं.

त्यानं थोडा विचार केला. "आप्पांचं पूस. ताईचं पूस. भाऊचंबी पूस." मग खालच्या आवाजात म्हणाला, "वीरेशचं ऱ्हाऊ दे."

मी राहू दिलं. गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवू नये या मताचा मी आहे. शिवाय वीरेशनं माझ्या दुकानातून कधी साधा चार्जर घेतलेला नाही.

पुढचं मला दयानंदानंच सांगितलं. उमेदवार ठरवायला आप्पांच्या बंगल्यावर माणसं जमली होती. खुर्च्या अर्थातच यानं लावलेल्या. आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, "ह्या प्रभागात वीरेशला द्यायचं ठरलंय. दयानंद, ग्रुपवर टाक." एवढंच. तुला काय वाटतं, असंही नाही.

भिंतीला टेकून त्यानं लिहायला घेतलं. अक्षरं दिसत नव्हती म्हणाला. ग्रुपवर मेसेज गेला: 'आपल्या प्रभागाचे अधिकृत उमेदवार वीरेश चमचा यांचे हार्दिक अभिनंदन.' लगेच काढला, पण तोवर निम्म्या तालुक्यानं त्याचा फोटो काढून ठेवला होता. मलाही तीन ठिकाणांहून आला. बोट चुकलं की चुकवलं, हे मी त्याला विचारलेलं नाही.

आप्पांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता स्वतःचा फोन पुढं केला. "तुझा ठेव खिशात. ह्याच्यावरून माफी टाक, तुझ्या नावानं." आणि वीरेशच्या खांद्यावर हात ठेवून जेवायला आत गेले.

व्हरांड्यात बसून त्यानं आप्पांच्या फोनवर लिहिलं, 'मी दयानंद'. खाली तीन शब्द आले: 'खुर्च्या', 'गाडी', 'चहा'.

तो बघतच राहिला. मग ते खोडून त्यानं लिहिलं, 'वीरेश'. खाली आलं: 'जेवलास'.

"सलीम," तो म्हणाला, "इतक्या वर्षांत मला कधी इचारलं न्हाई रे. एकदाबी न्हाई." मी त्याच्यापुढं चहा सरकवला. दुसरं काय करणार?

माफी त्यानं टाकली. पण फोन लगेच परत केला नाही. त्यानं लिहिलं, 'दयानंद उमेदवार'. खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. आत ताटं वाजत होती, वीरेशच्या बोलण्यावर आप्पा हसत होते, आणि हा बाहेर बसून फोनला शिकवत होता. शेवटी 'दयानंद' लिहिलं की पहिला शब्द 'उमेदवार' येऊ लागला. "लई बरं वाटलं," म्हणाला. मग सगळं खोडलं आणि फोन नेऊन दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तोच तो धावत आला. अंगात तोच फोटोतला पांढरा शर्ट. फोन माझ्या नाकासमोर धरला. आप्पांचा मेसेज होता: 'दयानंद उमेदवार'.

"अरे, तूच शिकवलास तो शब्द," मी म्हणालो. "त्यांनी न बघता दाबला आसंल."

"म्हाईत हाय मला. पण अर्ज भरायला आज दुपारपस्तोर येळ हाय. वीरेशचा एखादा कागद कमी पडला आसंल तर? रातीतून मन बदललं आसंल तर?"

खरं सांगतो, क्षणभर मलाही ते पटलं, आणि माझ्या पोटात दुखलं. हा नगरसेवक झाला तर माझ्या काउंटरवर कोपर टेकायला कशाला येईल? हवालदार त्याला सलाम ठोकेल आणि मी लोकांच्या फोनच्या काचा बदलत बसेन. मी त्याचं अभिनंदन केलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आप्पांचाच दुसरा मेसेज: 'खुर्च्या. दहाच्या आत.'

दयानंदानं तो वाचला. माझ्याकडे बघितलं नाही. अंगठ्यानं दाबून तो दुसरा मेसेज त्यानं पुसून टाकला. पहिला तसाच ठेवला. मग पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर करून तो खुर्च्या लावायला गेला.